सिंहस्थाची संकेतस्थळे: आधी शब्द ठरवा, मग रंग

महोदय,

२०२७ च्या सिंहस्थासाठी वाहतूक, निवास, आरोग्य अशा अनेक खात्यांची माहिती ऑनलाइन येईल. प्रत्येक खात्याचा ठेकेदार वेगळा, म्हणून साचाही वेगळा, ही आपली जुनी रीत. त्यात परगावच्या भाविकाची फरपट होते.

एकसूत्रीपणा म्हणजे सगळीकडे एकच बोधचिन्ह चिकटवणे नव्हे. सुरुवात शब्दांपासून होते. एका पानावर ‘वाहनतळ’, दुसऱ्यावर ‘पार्किंग’, तिसऱ्यावर ‘वाहन व्यवस्था’ असेल, तर वाचणाऱ्याला त्या तीन निराळ्या सोयी वाटतात. नावांची तऱ्हा तर विचारूच नका: त्र्यंबकेश्वर, त्रंबकेश्वर, नुसते त्र्यंबक, कुठे नाशिकरोड, कुठे नाशिक रोड. एक रूप प्रमाण धरावे आणि बाकीची रूपे शोधपेटीला पर्याय म्हणून पुरवावीत.

घाट असो, वाहनतळ असो की दवाखाना, प्रत्येक पानावरचा क्रम एकच हवा: नाव, ठिकाण, वेळ, जवळचा बसथांबा, स्वच्छतागृह, दूरध्वनी, माहिती कधी बदलली ती तारीख. सोय नसेल तर ती ओळ गाळू नये, ‘सोय नाही’ असे लिहावे. ओळच गायब झाली, की स्वच्छतागृह खरोखर नाही की कोणी लिहायला विसरले, हे कळायला मार्ग उरत नाही. नेमकी इथेच बहुतेक संकेतस्थळे घसरतात.

सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत, तिसरी आवृत्ती २०२३ ची. ती ज्या आंतरराष्ट्रीय निकषांवर उभी आहेत, त्यांनुसार मेनूचा क्रम पानागणिक बदलता कामा नये, आणि नेहमीच्या आकाराची अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५:१ हवा. पांढऱ्यावर नेहमीचा केशरी रंग जेमतेम २:१ च्या आसपास जातो. केशरी पट्टी खुशाल ठेवा, मजकूर मात्र गडद हवा. इंग्रजीसाठी बेतलेल्या साच्यात ओळी दाट बसतात. मराठीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. ओळींची उंची अक्षराच्या दीडपट तरी असावी. परिपत्रकाचा फोटो काढून चढवणे थांबवावे, तो शोधात सापडत नाही.

हे सारे दोन पानांत मावते. ती दोन पाने प्रत्येक खात्याच्या निविदेला जोडावीत आणि शेवटचे बिल काढण्यापूर्वी स्वस्तातल्या फोनवर दहा पाने उघडून ताडून पाहावीत.

– एक संकेतस्थळ रचनाकार, नाशिक