सामानावर नाव घालून ठेवलं आहे

दादर, मुंबई
रविवार, 7 डिसेंबर 2025

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

काल ठाण्याहून निघताना तुमचा स्टोव्ह, दोन्ही कंदील, घडीच्या चार खुर्च्या आणि तो बॅटरीचा डबा मी टॅक्सीत घालून घरी आणला, ते का, हे तेव्हा सांगितलं नाही. तुम्ही दोघं गाडी घेऊन कोकण किनाऱ्याला निघणार, तिथे सामान चोरीला जाऊ नये म्हणून हा खटाटोप. फोनवर सांगायला गेलो की अर्धं राहून जातं, म्हणून लिहितो आहे. निवांत वाच आणि ओंकारलाही वाचायला दे.

गाडी सुरेख झाली आहे. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचं असं फिरतं घर होईल असं मला वाटलं नव्हतं. ओट्याची उंची तुझ्या हाताला बरोबर आहे, खिडकीचे पडदेही छान. पण कारखान्याच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढलेल्या माणसाची नजर आधी कडी-कोयंड्याकडे जाते. मागच्या दाराचं कुलूप भारी आहे आणि कोयंडा मात्र प्लायवूडला दोन आखूड स्क्रूंनी मारलेला. असल्या कुलपाला कोणी हातसुद्धा लावत नाही. मागून जाड स्क्रूड्रायव्हर घातला की कुलपासकट कोयंडा हातात येतो. तिथे आरपार बोल्ट हवेत, आतल्या बाजूने रुंद वायसर आणि नट, आणि मागे पत्र्याची एक पट्टी. ते काम माझं.

शुक्रवारी नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात जाऊन साखळी आणली. दुकानदाराने आधी चकचकीत, प्लॅस्टिकची नळी चढवलेली एक साखळी दाखवली. मी खिशातून छोटी कानस काढून तिच्या कडीवर ओढली, तर कानस कचकन लोखंडात रुतली आणि पांढरी खाच पडली. मऊ लोखंड. मग त्याने आतून दुसरी आणली, 10 मिलिमीटरची, दिसायला काळपट. तिच्यावर कानस काचेवरून जावी तशी घसरून गेली, ओरखडाही नाही. ही कठीण केलेल्या पोलादाची. वजन बरंच आहे, ओंकार कुरकुर करेल, पण हीच न्या. कुलूप घेतलं ते आखूड दांड्याचं. कुलूप-साखळी तोडायच्या कटरचे जबडे दांड्याभोवती बसायला जागा लागते, ती जागाच ठेवायची नाही.

साखळी लावताना एक लक्षात ठेव, ती जमिनीवर लोळत ठेवू नकोस. कटरची एक मूठ जमिनीला टेकवून दुसऱ्या मुठीवर माणूस अंगाचा सगळा भार टाकू शकतो, तसंच दगडावर ठेवून घणही घालता येतो. ताणून, जमिनीपासून वर, सीटच्या लोखंडी फ्रेमला बांध. खुर्चीच्या पायांतून आणि टेबलाच्या आडव्या नळीतून ओवून घे. पूर्वी गाडीला निघालो की दादर स्टेशनवर साखळी-कुलूप विकणाऱ्याकडून आजोबा साखळी घ्यायचेच आणि बर्थखालच्या कडीला ट्रंक बांधायचे, तसंच हे. खाऱ्या हवेत कुलूप अडकायला लागलं तर तेल घालू नकोस. तेलावर वाळू बसते आणि आतल्या पिना धरतात. पेन्सिलीचं शिसं किल्लीवर घासून दोन-तीनदा फिरव.

पण मुक्ता, साखळी ही पुढची गोष्ट. खरी चोरी कशी होते ते मी एकदा भोगलं आहे. त्याबद्दल तुला कधी नीट सांगितलं नाही.

1994 चा जानेवारी. तू तीन वर्षांची होतीस. आम्ही चार मित्र आपापल्या बायकामुलांना घेऊन अलिबागच्या पुढे एका किनाऱ्यावर दोन दिवस राहायला गेलो होतो. सुरूच्या बनात दोन तंबू ठोकले. आमच्याकडे पितळी प्रायमस स्टोव्ह, एक पेट्रोमॅक्सची बत्ती, जेवणाचा डबा आणि माझा खाकी कॅनव्हासचा तंबू, जो मी दोन बोनसचे पैसे साठवून घेतला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पाण्यात उतरलो. फार तर वीस मिनिटं. तुला आईने कडेवर घेतलं होतं आणि लाट आली की तू ओरडत होतीस, ते माझ्या कानात अजून आहे. परत आलो तर स्टोव्ह नाही, पेट्रोमॅक्स नाही, आणि लहान तंबू खुंट्यांसकट गेलेला. वाळूत चार खड्डे तेवढे राहिले होते.

सकाळपासून एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा शहाळी विकत आमच्याजवळ दोनदा येऊन गेला होता. मी त्याचं नाव घेतलं. पाहिलं काहीच नव्हतं, तरी घेतलं. गावच्या चौकीवर त्याला बसवून ठेवलं, त्याची आई पदर तोंडाला लावून बाहेर उभी. संध्याकाळी मासळी वाळत घालणारी एक बाई येऊन म्हणाली, दुपारच्या आधी पांढऱ्या जीपवाल्यांनी सामान भरलं, मला वाटलं तुमचीच माणसं. जीप मुंबईकडची होती. मुलाला सोडलं. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि माझ्या तोंडून धड शब्द फुटला नाही. पुढच्या वर्षी मुद्दाम गेलो. त्याच्या आईने पाणी दिलं, बसायला सांगितलं, तो मात्र आतून बाहेर आला नाही.

ते सामान गेलं त्याचं दुःख दोन वर्षांत विसरलो. हे विसरलो नाही. म्हणून तुम्हाला सांगतो, ज्या गावात थांबाल तिथे आधी माणसांशी बोला. वाडीतल्या पहिल्या घरी जाऊन सांगा, आम्ही दोघं आहोत, मुंबईहून आलो, दोन रात्री राहणार. पाणी मागा, भाकरी करून मिळेल का विचारा आणि तिचे पैसे द्या. किनाऱ्यावरची माणसं दिवसभर जाळी विणत, मासळी वाळवत बसलेली असतात, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. त्या बाईला आम्ही कोण हे माहीत असतं तर तिने जीपवाल्यांना तिथेच हटकलं असतं. आणि काही गेलंच, तर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणाचं नाव घेऊ नका.

चोराला दुसरं काही नको असतं, आपण नसलेली ती वीस मिनिटं हवी असतात. पोहायला जाता, हॉटेलात जेवता, सूर्यास्ताचे फोटो काढत पुढच्या खडकापर्यंत जाता, तेवढ्यात भुरटा चोर बाहेर पडलेलं उचलतो. खुर्ची, स्टोव्ह, सोलरचं पॅनल, कूलबॉक्स, चपलासुद्धा. दार फोडायला त्याला बहुतेक वेळा सवडच नसते, बाहेरचं मिळालं की तो निघतो. म्हणून दिवेलागणीला आवराआवर करायचीच, पाऊस नसला तरी, कितीही दमलात तरी. सोलर पॅनल आधी आत, कारण ते महाग आणि दोन हातांत उचलून नेता येणारं. मग खुर्च्या, मग जेवण. दोघंही एकदम पाण्यात उतरू नका. एकाने गाडीजवळ बसायचं, मग पाळी बदलायची.

66 नंबरच्या महामार्गावर चहाला थांबाल तेव्हा गाडीची मागची बाजू भिंतीला लावा आणि चढायचं दार तुमच्या टेबलावरून दिसेल असं ठेवा. कोणी काचेवर टकटक करून 'साहेब, ऑइल गळतंय' म्हणालं, तर दोघांनी मिळून खाली उतरायचं नाही. एक वाकून बघत असतो तेव्हा दुसऱ्या दाराने बॅग जाते, मुंबईत सिग्नलला हे किती जणांचं झालं आहे. रात्रीसाठी शक्यतो पर्यटन महामंडळाच्या पर्यटक निवासाच्या आवारात किंवा ओळखीच्या घराच्या अंगणात गाडी लावा. गणपतीपुळ्याला आणि तारकर्लीला निवास आहेतच. 2021 साली राज्याने कॅरव्हॅन, म्हणजे अशा राहायच्या गाड्यांच्या, पर्यटनाचं धोरण आणलं आहे, त्यामुळे गाडी आत घ्याल का असं निःसंकोच विचारायचं. आणि रील टाकायचं ते ती जागा सोडल्यावर. तुम्ही आज कुठल्या निर्जन किनाऱ्यावर आहात हे सगळ्यांना आजच कळायची गरज नाही.

आता सामान घरी का आणलं ते. चोरी झाल्यावर मी दोन शुक्रवार पहाटेच चोर बाजारात जाऊन आलो होतो. पितळी प्रायमस तिथे सात-आठ होते. एक तर अगदी माझाच वाटला, टाकीवरचा पोचासुद्धा तिथेच. पण माझा म्हणून सांगायला माझ्याकडे काय होतं? पावती नाही, खूण नाही. हातात घेतला आणि खाली ठेवला.

आपल्या घरात भांडं आलं की दुकानातच त्यावर नाव घालून घ्यायचो. आजीच्या डब्यावर 'सौ. इंदिरा, 1971' अजून वाचता येतं. तेच तुमच्या सामानावर केलं आहे. जुनी कोरायची मशीन चालू केली तेव्हा ती टरटर ऐकून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि खुर्ची ओढून बघत बसली. स्टोव्हच्या बुडावर, खुर्चीच्या नळीवर आतल्या अंगाला, कंदिलाच्या तळाशी 'मुक्ता-ओंकार' आणि गाडीचा नंबर घातला आहे. घरचा पत्ता घातलेला नाही, घर बंद आहे हे सांगायला नको. तंबूच्या कापडावर तू आतल्या शिवणीजवळ लाल दोऱ्याने टाके घाल. प्रत्येक वस्तूचा आणि तिच्यावरच्या नंबराचा फोटो काढून मला पाठव. मोबाइलवर *#06# दाबून येणारा फोनचा ओळख नंबरही त्यात हवा.

पावत्यांची फाइल इथे राहू दे. गाडीच्या विम्यात सहसा गाडी आणि तिला पक्कं बसवलेलं सामान धरतात, सुटं सामान धरत नाहीत. तुमच्या पॉलिसीत काय आहे ते एजंटकडून तोंडी ऐकू नका, लिहून घ्या.

एवढं करून गेलंच, तर 112 ला फोन करा आणि जवळच्या ठाण्यात तक्रार द्या. आमच्या हद्दीत येत नाही असं कोणी म्हटलं तरी झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. घराइतकाच तंबूही कायद्यात आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. राहत्या इमारतीतली, तंबूतली किंवा जहाजातली चोरी असे शब्द 1860 च्या भारतीय दंड संहितेत 380 कलमात होते, आता भारतीय न्याय संहितेच्या 305 कलमात आहेत, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत. पण चोर समोर दिसला तर त्याच्या मागे धावायचं नाही. रात्री आवाज आला तर आतूनच दिवे लावा, हॉर्न वाजवा. दार उघडू नका. मला स्टोव्ह नको आहे, मला तुम्ही दोघं हवे आहात.

गॅसचं एक राहिलं. 5 किलोचा सिलिंडर मागे बाहेर टांगलेला असतो आणि तो सहज जातो, म्हणून त्याच्या मुठीतून साखळीचा एक फेरा घ्या. चोराच्या भीतीने तो आत बंद कपाटात ठेवू नका. गॅस हवेपेक्षा जड, खाली फरशीवर साचतो आणि वास उशिरा येतो. ठेवायचाच तर कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारी भोकं हवीत. झोपताना गाडीच्या दाराला आतून कुलूप लावलंत तर किल्ली दाराजवळच्या एकाच खिळ्याला, अंधारात हात गेला पाहिजे अशी. कितीही वाटलं तरी ती जागा बदलायची नाही.

दुसऱ्या किल्ल्यांचा जुडगा आईने देव्हाऱ्याच्या खणात ठेवला आहे. तिने थालीपिठाची भाजणी आणि लसणाची चटणी बांधली आहे, तीही मीच आणतो. येत्या शुक्रवारी संध्याकाळी ड्रिल, चार बोल्ट आणि पत्र्याची पट्टी घेऊन येईन. मागच्या दाराजवळचं सामान तेवढं काढून ठेवा, आणि ओंकारला म्हणावं दिवा धरायला घरी थांब.

तुझा,
बाबा