घड्याळ नको, वजनकाटा बघा

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

गच्चीतले टोमॅटो एकदम पिकायला लागलेत आणि ते वाळवायचं मशीन, म्हणजे डिहायड्रेटरही घरी पोचलाय, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून पाठवते. मशीनबरोबरच्या पुस्तिकेत ‘टोमॅटो : ८ तास’ असं छापलंय, त्यावर मुळीच जाऊ नका. टोमॅटोत शंभरातले ९४ भाग पाणी असतं. ते कधी ८ तासांत जातं, तर कधी १४ तास घेतं. चकती किती जाड, टोमॅटो किती रसाळ आणि हवा किती दमट, यावर ते ठरतं.

बाबा, मशीन ओट्यावर शेगडीजवळ नको, जेवणाच्या खोलीत ठेवा. मागे वीतभर जागा मोकळी असू द्या. ५०० वॅटचं आहे, साधा प्लग पुरतो. १० तास चाललं तरी फार तर ५ युनिट जातील.

आई, लांबट, घट्ट आणि पुरते लाल टोमॅटो घे. गावठी आंबट टोमॅटो रसाळ असतात, त्यांच्या बिया आणि पातळ गर चमच्याने काढून सारात टाक. डागाळलेले, बुरशी धरलेले यात घेऊ नकोस. धुऊन, पुसून, देठाखालचा कडक पांढरा भाग काढायचा आणि ६-७ मिलिमीटरच्या चकत्या करायच्या, म्हणजे साधारण ग्लुकोजच्या बिस्किटाएवढ्या जाड. सुरी दातेरी हवी. बोथट सुरीने साल दबते आणि अर्धा रस पाटावरच जातो. जाडी मात्र सगळ्यांची सारखी ठेव. नाहीतर पातळ चकत्या काळ्या पडेपर्यंत जाड चकत्या ओल्याच राहतात. मीठ लावू नकोस. २ किलोचं वाळून मूठभर होतं आणि मीठ तेवढंच राहतं. चिमूटभर घातलंय असं वाटलं तरी शेवटी खारट लागेल, आणि बाबांच्या बीपीला ते चालायचं नाही.

चकत्या एकमेकींना चिकटू न देता मांडा आणि ६० अंशांवर लावा. लवकर व्हावं म्हणून ७०-७५ वर नेलं की वरचा थर कडक होतो, आतलं पाणी कोंडतं आणि हाताला वाळलेलं वाटतं. पंधरा दिवसांनी बरणीत बुरशी येते ती यामुळेच. चार तासांनी चकत्या उलटा आणि ट्रे वरखाली करा, कारण पंख्याजवळचा ट्रे आधी वाळतो. एकेकच ट्रे काढा, भरलेले सगळे एकदम उचलू नका. मध्येच वीज गेली तर तासभर दार बंदच ठेवा. सुरुवातीलाच चार-पाच तास गेली, तर त्या चकत्यांची चटणी करून टाका.

झालं की नाही, ते गरम असताना कळत नाही. गरम चकती नेहमी मऊ लागते. एक बाहेर काढून पाच मिनिटं निवू द्या, मग मधोमध फाडून दाबा. ओलाव्याचा थेंबही दिसायला नको. चामड्यासारखी वाकली तर भाजीत घालायला ठीक, पण पुडीसाठी ती कटकन मोडायला हवी. शेवटी काटा. २ किलो चकत्या टाकल्या असतील तर वाळून साधारण सव्वाशे ते दीडशे ग्रॅम भरतात. अडीचशे भरल्या तर अजून पाणी आहे, परत लावा.

मग काचेची बरणी दोन-तृतीयांश भरा, झाकण लावा आणि आठवडाभर रोज हलवा. उरलासुरला ओलावा सगळ्यांत सारखा पसरतो. काचेवर आतून धुकं दिसलं किंवा चकत्या चिकटल्या, तर पुन्हा मशीनमध्ये. बुरशीचा ठिपका दिसला तर मात्र वरचं काढून बाकीचं ठेवू नकोस, सगळंच टाकून दे.

तुम्हा दोघांच्या दातांना चकत्या चिवट लागतील, तेव्हा निम्म्यांची पूडच करा. मिक्सरच्या कोरड्या भांड्यात थांबून थांबून फिरवा, सलग फिरवली तर भांडं तापून पूड चिकटते. एका मध्यम टोमॅटोची पूड दोन लहान चमचे होते. आमटीत छान उतरते. पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावन मसाल्यात थोडी मिसळून बघ, बाबांना आवडेल. फक्त वाफाळत्या कढईवर बरणी उघडी धरून चमचा घालू नकोस, वाफेने गाठी होतात. ताटलीत काढून घे.

आई, लसूण घालून तेलात मुरवायचा विचार तुझ्या मनात येईलच. बाहेर ठेवायचं ते मुळीच करू नकोस. लोणच्यात भरपूर मीठ आणि आंबटपणा असतो, इथे तेवढं नसतं. तेलात हवा नसल्याने घातक विष तयार करणारे जंतू वाढू शकतात आणि त्याला वासही येत नाही. हवंच असेल तर वाटीभर कर, फ्रिजमध्ये ठेव आणि चार दिवसांत संपव.

बरणी अंधाऱ्या कपाटात ठेवा, उजेडात रंग विटतो. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की पुडीच्या लहान लहान बाटल्या करून फ्रिजमध्ये टाका. बाटली बाहेर काढलीत की खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर आत दव धरतं. पहिला घाणा वाळला की वजन किती भरलं ते फोनवर सांगा.

तुमची लेक