स्टूल मागून घेणाऱ्या दादांना

दादा,

तुमचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही लाजाल आणि पुढच्या वेळी माझा फोन उचलणार नाही.

सांगलीत औषधांची होलसेल एजन्सी चालवणाऱ्याला मार्च महिना काय असतो ते वेगळं सांगायला नको. एकेका बिलात वीस-पंचवीस ओळी, प्रत्येक ओळीला बॅच नंबर, एक्स्पायरी. आणि 'सेव्ह' दाबलं की चाळीस सेकंद नुसतं चक्र फिरत बसायचं. काउंटरवर मेडिकलवाल्यांची पोरं ताटकळलेली.

दिवाळीपासून तीन व्हेंडर येऊन गेले. तिघंही माझ्याशी नाही, सासऱ्यांशी बोलले. सासऱ्यांना माऊस धरता येत नाही, धंदा मी बघते, पण असो. एकानं रॅम वाढवली, पैसे घेतले, चक्र तसंच. दुसरा परत फिरकला नाही. तिसरे आमचे एएमसीवाले, म्हणजे वर्षाच्या देखभालीचा करार असलेले. त्यांनी जागेवरून न उठता दोन प्रोसेसरच्या नव्या सर्व्हरचं, म्हणजे सगळी बिलं साठवणाऱ्या मुख्य मशीनचं, कोटेशन पाठवलं. आकडा बघून सासरे देवघरात जाऊन बसले.

तुम्ही फेब्रुवारीत आलात, तेही सर्व्हर विकायलाच. सर्व्हर कुठं आहे हे विचारलंच नाहीत. एक स्टूल मागितलंत आणि बिलिंगच्या ताईंशेजारी टेकलात. "ताई, तुमचं काम चालू द्या. कुठं थांबायला लागतंय, तेवढं सांगा."

ताई बावीस वर्षं आमच्याकडे आहेत. कॉम्प्युटर विकायला आलेल्या एकानंही त्यांना कधी काही विचारलं नव्हतं. आधी त्या संकोचल्या, मग सुटल्या. जुनं बिल लगेच उघडतं, माल शोधायला वेळ लागत नाही, अडतं ते फक्त सेव्हला, आणि तेही दिवाळीपासूनच. तुम्ही तासभर बसून हे सगळं डायरीत उतरवून घेतलंत. खरं सांगू? मीही तिथंच बसते, आणि मीही त्यांना कधी विचारलं नव्हतं.

मग तुम्ही मशीन उघडलंत. रेड कंट्रोलरची, म्हणजे सगळ्या डिस्कचा कारभार बघणाऱ्या कार्डाची, बॅटरी मेलेली. ती नसली की कंट्रोलर कॅशवर, म्हणजे स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीवर, भरवसा ठेवत नाही, प्रत्येक नोंद थेट डिस्कवर लिहायला जातो. त्यात आमचं रेड 5, म्हणजे एका छोट्या नोंदीला चार कामं: जुना डेटा वाच, जुनी पॅरिटी (एखादी डिस्क मेली तर डेटा परत मिळवायचा हिशेब) वाच, मग दोन्ही नव्यानं लिही. एएमसीवाले दर तीन महिन्यांनी येऊन धूळ झटकायचे, सही घ्यायचे. बॅटरी मेल्याचा तो पिवळा दिवा एकालाही दिसला नाही.

बॅटरी बदलून तुम्ही म्हणालात, "मार्च यात निघेल. सर्व्हर मे महिन्यात निवांत घ्या."

विकायला आलेला माणूस असं बोलतो! एक्स्पायरी जवळ आलेला माल खपवायला आम्ही काय काय करतो ते मला ठाऊक आहे. तुमच्यानंतर मला त्याची थोडी लाज वाटायला लागलीय.

मे महिन्यात घेतला तोही एकाच प्रोसेसरचा, आठ कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आतला एकेक काम करणारा हात). त्या कोटेशनमधल्या दोन प्रोसेसरचे मिळून बत्तीस कोअर होत होते, आणि बिलांचा डेटा सांभाळणारं आमचं सॉफ्टवेअर, एसक्यूएल सर्व्हर 2019 स्टँडर्ड, चोवीसच्या पुढच्या कोअरला हातच लावत नाही. आठ कोअर नुसते शोभेला राहिले असते. वाचलेले पैसे तुम्ही वीज गेली तरी हातातली नोंद पुरी करणाऱ्या एसएसडींत (वेगवान डिस्क), प्रत्येक नोंद दोन डिस्कवर ठेवणाऱ्या रेड 10 मध्ये आणि दुसऱ्या पॉवर सप्लायमध्ये घालायला लावलेत.

रॅक कुठं ठेवायचा, यावर तुमचा एकच प्रश्न होता: "2019 ला पाणी कुठवर आलं होतं?" मी भिंतीवरची खूण दाखवली. रॅक वरच्या मजल्यावर गेला. ज्या गावानं कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला 57 फुटांच्या पुढं पाणी बघितलं, तिथं एएमसीवाल्यांनी आमचा सर्व्हर खाली, लाकडी पाटावर ठेवला होता.

आता ताईंची एकच तक्रार आहे. पूर्वी बिल सेव्ह होईतो त्यांचा चहा पिऊन व्हायचा. आता तो टेबलावर गार होतो. येत्या 31 मार्चला या, स्टूल तिथंच आहे.

तुमची,
एजन्सीवाली वहिनी