शस्त्रक्रियेची खोली ‘निर्जंतुक’ म्हणजे नेमकी कशी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दाताचे इम्प्लांट (कृत्रिम दातासाठी जबड्याच्या हाडात रोवायचा स्क्रू) बसवणे, हाडात अडकलेली अक्कलदाढ काढणे, हिरड्यांची शस्त्रक्रिया अशा कामांच्या जाहिरातींत ‘संपूर्ण निर्जंतुक खोली’ हे शब्द सर्रास दिसतात. खरे तर खोली निर्जंतुक होत नसते. जमीन, हवा, माणसाची त्वचा यांवर जंतू असतातच. ते कमी करता येतात, संपवता येत नाहीत. निर्जंतुक करता येतात ती अवजारे, कापड, ग्लोव्हज आणि सलाइन. बाकीची सगळी तयारी या मोजक्या वस्तूंना खोलीपासून वाचवण्यासाठी असते. हे डोक्यात स्पष्ट नसले की मेहनत भलतीकडे जाते: फरशीला फिनाइलचा घमघमाट आणि हँडपीस (ड्रिल बसवायची हातातली मूठ) मात्र नुसता स्पिरिटने पुसलेला.

‘तोंडातच एवढे जंतू, मग हे सोपस्कार कशाला?’ असे काही जाणकारही विचारतात. रुग्णाचे स्वतःचे जंतू आपण पूर्ण काढू शकत नाही, हे खरे. पण आधीच्या रुग्णाच्या रक्तातला हिपॅटायटिस बीचा विषाणू किंवा पाण्याच्या नळीतले स्यूडोमोनास नावाचे जंतू त्याच्या जबड्याच्या उघड्या हाडात जाण्याचे काहीच कारण नाही.

पाण्यापासूनच सुरुवात करतो, कारण इथे सर्वांत जास्त चूक होते. डेंटल चेअरच्या नळ्या अरुंद असतात, रात्रभर पाणी त्यांत साचून राहते आणि आतल्या भिंतीवर जंतूंचा चिकट थर धरतो. सकाळी दोन मिनिटे पाणी सोडून दिले की सुटे जंतू वाहून जातात, थर तसाच राहतो. दात भरणे, साफ करणे अशा कामांसाठी एका मिलिलिटरमागे ५०० जंतूंची मर्यादा मानली जाते. हाड उघडे असताना हे पाणी मुळीच चालत नाही. तेव्हा निर्जंतुक सलाइनच हवे, आणि तेही एकदाच वापरायच्या निर्जंतुक नळीतून किंवा सिरिंजने. सलाइनची बाटली चेअरच्या नळीला जोडणे म्हणजे शुद्ध पाणी गढूळ पाइपातून सोडणे.

अवजारांचे काम धुण्यापासून सुरू होते. वाळलेल्या रक्ताखालच्या जंतूपर्यंत ऑटोक्लेव्हची (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची) वाफ पोहोचत नाही, म्हणून वापर संपताच अवजारे ओली ठेवावीत आणि एन्झाइमच्या द्रावणात अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी मळ सोडवणाऱ्या) यंत्रात धुवावीत. फार गरम पाणी नको, त्याने रक्तातली प्रथिने गोठून अवजाराला चिकटतात. धुतल्यावर पूर्ण कोरडी करून, चिमट्यांचे सांधे उघडे ठेवून पाकिटात बंद करावीत. पाकिटे ऑटोक्लेव्हमध्ये एकावर एक दडपू नयेत, उभी आणि सुटी ठेवावीत. साध्या यंत्रात पाकीटबंद अवजारांना १२१ अंश सेल्सियसला ३० मिनिटे लागतात. आधी हवा ओढून घेणाऱ्या यंत्रात १३४ अंशांना ३ ते ४ मिनिटे पुरतात. ही वेळ तापमान गाठल्यानंतर मोजायची, बटण दाबल्यापासून नव्हे. हँडपीस आतून पोकळ असतो. साध्या यंत्रात त्याच्यातली हवा निघत नाही, आणि जिथे हवा अडकते तिथे वाफ शिरत नाही. म्हणून शस्त्रक्रियेच्या हँडपीससाठी हवा ओढणारे ‘बी क्लास’ यंत्रच हवे.

पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला की काम झाले, हा गैरसमज खोलवर रुजलेला आहे. ती पट्टी फक्त सांगते की पाकीट यंत्रात जाऊन आले. आतपर्यंत वाफ पोहोचली का हे पाकिटाच्या आत ठेवलेल्या रासायनिक निर्देशकावरून कळते. जंतू खरोखर मेले का हे आठवड्यातून एकदा जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जंतूच्या बीजाणूंची (उष्णतेला चिवटपणे टिकणाऱ्या रूपाची) चाचणी करूनच कळते. त्याच बीजाणूंच्या, पण यंत्रात न घातलेल्या जोडकुपीत जंतू वाढायला हवेत; ते वाढले नाहीत तर चाचणीच फसली. ओले निघालेले पाकीट पुन्हा सुरुवातीपासून पाठवावे, कारण ओल्या कागदातून जंतू आत झिरपतात. काचेच्या निळ्या (अतिनील किरणांच्या) दिव्याच्या कपाटाने अवजारे निर्जंतुक होत नाहीत. त्या किरणांचा परिणाम समोरच्या पृष्ठभागापुरताच, सावलीत काही नाही. दोन टक्के ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशक द्रावणाला निर्जंतुकीकरणासाठी १० तास लागतात. वीस मिनिटे बुडवून काढलेले अवजार हाडात वापरण्याजोगे नसते.

खोलीबाबत थोडक्यात. शस्त्रक्रिया शक्यतो दिवसाची पहिली ठेवावी, कारण ड्रिलने उडालेले तुषार बराच वेळ तरंगत राहतात. पंखा बंद, दार बंद, कोरडा झाडू नाही. सफाई वरून खाली, आधी साबणाने पुसून मग जंतुनाशक. पृष्ठभाग लेबलवर दिलेला वेळ ओला राहायला हवा. रक्त सांडले तर १ टक्का हायपोक्लोराइट (ब्लीचचे द्रावण) १० मिनिटे. पाच टक्क्यांचे द्रावण असेल तर एक भागाला चार भाग पाणी, रोज ताजे.

माणसांची तयारी मात्र सवडीने करावी लागते. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस (०, १, ६ महिने) आणि त्यानंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी हा त्याचा पाया आहे. एका डॉक्टरला किमान दोन मदतनीस लागतात: एक जण हात धुऊन निर्जंतुक गाउनमध्ये, दुसरा बाहेरचा, म्हणजे निर्जंतुक वस्तूंना हात न लावणारा. टोपी, मास्क, चष्मा आधी. हात त्यानंतर धुवायचे. अंगठ्या-बांगड्या उतरवून, ४ टक्के क्लोरहेक्सिडिन किंवा ७.५ टक्के पोविडोन आयोडीन या जंतुनाशकाने बोटांपासून कोपरापर्यंत २ ते ५ मिनिटे, हात कायम कोपरापेक्षा वर. बाहेरच्या मदतनिसाने कापडात गुंडाळलेला संच उघडताना आधी पलीकडचा पदर, मग बाजूचे, शेवटी स्वतःकडचा उघडावा, म्हणजे उघडा हात निर्जंतुक अवजारांवरून जात नाही. गाउन निर्जंतुक मानायचा तो फक्त पुढून, छातीपासून कमरेपर्यंत, आणि बाह्या कोपराच्या जरा वरपर्यंत. पाठ आणि कमरेखालचा भाग नाही. दिव्याच्या मुठीला निर्जंतुक आवरण घालायला विसरतात आणि डॉक्टर सवयीने त्याच मुठीला हात लावतात. रुग्णाने क्लोरहेक्सिडिनने एक मिनिट चूळ भरावी आणि त्याचे नाक ड्रेपखाली (अंगावर पसरायच्या निर्जंतुक कापडाखाली) झाकावे, कारण स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू अनेकांच्या नाकात मुक्कामाला असतो.

एवढे करूनही हात चुकून कुठे तरी लागतोच. तो सर्वांत आधी दिसतो बाजूला उभ्या असलेल्या मदतनिसाला, आणि डॉक्टरांना कसे टोकायचे म्हणून तोच गप्प बसतो. ‘सर, ग्लोव्ह लागला’ हे तीन शब्दांचे वाक्य बोलायची परवानगी शस्त्रक्रियेआधी स्पष्ट शब्दांत द्यावी आणि ते ऐकताच, वाद न घालता, ग्लोव्ह बदलावा. संशय आला तरी वस्तू निर्जंतुक नाही असेच धरायचे असते.

रुग्णांनीही संकोच न करता दोन गोष्टी विचाराव्यात: पाकीट माझ्यासमोर उघडाल का, आणि मागच्या आठवड्यातल्या बीजाणू चाचणीचा निकाल काय आला? काम नीट चालते तिथे नोंदवही लगेच समोर ठेवली जाते.

आपले,
दंतशस्त्रक्रिया कक्षातील सहायक