सुताराला दोन दिवस थांबव

प्रिय मन्या,

काल तू टीव्हीच्या भिंतीचा फोटो पाठवलास तो बघितला आणि लगेच लिहायला बसलो. सोमवारी सुतार पॅनल ठोकणार म्हणालास ना, त्याला दोन दिवस थांबव. आमच्याकडे वर्तकनगरला पॅनल आधी बसलं आणि वायरींचा विचार नंतर झाला, मग वर्षभर डिशची काळी केबल, साउंडबारची वायर, एक्स्टेन्शन बोर्ड सगळं खाली लोंबत होतं, आई झाडताना एका हाताने ते उचलून धरायची आणि एकदा तिचा पाय अडकला त्यात. पडली नाही, पण माझ्या डोळ्यासमोरून ते जात नाही रे.

तर पहिलं काम पाइपचं. टीव्हीच्या मागून खालच्या युनिटपर्यंत दोन इंची पीव्हीसी पाइप टाकून घे. इलेक्ट्रिशियन म्हणेल पाऊण इंची बस झाला, ऐकू नकोस, कारण वायर जाते पण एचडीएमआयचं (चित्र आणि आवाज एकत्र नेणाऱ्या केबलचं) डोकंच दोन सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतं, ते अडकतं. वळणाला एल्बो (काटकोनी जोड) नको, मोठा बेंड लावायला सांग. आणि आत एक नायलॉनची दोरी सोडून ठेव, उद्या नवीन केबल ओढायची झाली तर भिंत फोडावी लागणार नाही. लाइटची वायर मात्र या पाइपात घालायची नाही, तिला वेगळा पाइप.

आता साउंडबार. टीव्हीच्या मागे एकाच एचडीएमआय पोर्टवर एआरसी किंवा ईएआरसी (टीव्हीचा आवाज त्याच केबलने बारकडे पाठवायची सोय) लिहिलेलं असतं, बार त्यातच लाव, दुसऱ्यात नाही. आम्ही आधी ऑप्टिकल केबलने जोडला होता, आवाज यायचा पण बारचा रिमोट वेगळा, टीव्हीचा वेगळा, डिशचा वेगळा, आणि संध्याकाळी सात वाजता मालिका लागली की आईचा मला ऑफिसात फोन, अरे आवाज येत नाहीये. एआरसीवर टाकला, टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे जोडलेली उपकरणं एकाच रिमोटने चालवायची सोय, चालू केलं (प्रत्येक कंपनी त्याला स्वतःचं वेगळं नाव देते, शोधावं लागतं), आता टीव्ही लावला की बार आपोआप चालू होतो, आवाज टीव्हीच्याच रिमोटने. तो सात वाजताचा फोन बंद झाला. काकूंसाठी एवढं तरी कर नक्की.

नेटवरचे सिनेमे-मालिका टीव्हीवर दाखवणारी स्टिक असते ना, तिचा पॉवर टीव्हीच्या यूएसबीतून घेऊ नकोस. आमची मधेच रिस्टार्ट व्हायची, मला वाटलं स्टिकच गेली, पण यूएसबी २.० पोर्टमधून ५०० मिलिअँपिअरच मिळतात आणि स्टिकला साधारण १ अँपिअर लागतो. तिचा अडॅप्टर लावला, त्या दिवसापासून काही त्रास नाही.

केबलवर उगाच पैसे घालू नकोस, सिग्नल डिजिटल आहे, महाग केबलने चित्र जास्त सुंदर होत नाही. फोरके चित्र सेकंदाला ६० फ्रेमने बघायला १८ जीबीपीएसची (सेकंदाला १८ गिगाबिट डेटा नेणारी), म्हणजे ‘प्रीमियम हाय स्पीड’ लिहिलेली पुरते. आर्यच्या प्लेस्टेशन ५ सोबत ४८ जीबीपीएसवाली आलीये बॉक्समध्येच, तीच वापर. पाच मीटरच्या वर मात्र जाऊ नकोस, लांब साध्या केबलवर फोरके अडखळतं, म्हणून डिश, प्लेस्टेशन वगैरेंचे सगळे डबे टीव्हीच्या खालीच ठेव.

बांधायला नायलॉन टाय नको, व्हेल्क्रोची पट्टी घे, सोडता येते. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना मास्किंग टेप लावून नाव लिही, आणि टीव्हीमागे थोडा सैल वेटोळा ठेव, टीव्ही पुढे ओढला तरी पोर्टवर ताण यायला नको. डिशची केबल कोपऱ्यात कचकन दुमडू देऊ नकोस.

रविवारी सकाळी ठाण्याहून नेरूळची लोकल धरून येतो, व्हेल्क्रो आणि टेप माझ्याकडे आहे. तू फक्त टीव्हीपासून युनिटपर्यंतचं अंतर मोजून कळव, त्यावर दीड मीटरची केबल घ्यायची की तीनची ते ठरेल.

तुझाच,
सुऱ्या