पिवळी बुंदी आणि पांढरा पाव

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या तोंडावर खव्यावर पडलेल्या छाप्यांची आपली बातमी वाचून एका वाचकाने पाठवलेलं पत्र गेल्या आठवड्यात छापून आलं. इंग्लंडमध्ये लेकीकडे चार महिने राहून आलेल्या या गृहस्थांचं म्हणणं असं की तिकडे भेसळ हा प्रकारच नाही, प्रामाणिकपणा त्या लोकांच्या रक्तातच आहे. मी एकतीस वर्षं अन्न निरीक्षक होतो. रक्ताचा रिपोर्ट आमच्या खात्यात येत नसे, खाण्याचा येई. इंग्रजांच्या खाण्याचा जुना रिपोर्ट तर छापील आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी पावाचं. 1266 पासून तिथे पावाचं वजन आणि भाव कायद्याने बांधलेले होते. लंडनमध्ये वजनात मारणाऱ्या भटारखान्याच्या मालकाला गळ्यात तोच पाव अडकवून रस्त्यावरून फरफटत नेत. हा कायदा लंडनमध्ये 1822 ला आणि इतरत्र 1836 ला मोडीत निघाला. तोवर गावं सोडून लोक गिरण्यांच्या शहरात आले होते, घरचं दळण सुटलं होतं, आणि पाव कोणी कशाचा केला हे खाणाऱ्याला कळायची सोय उरली नव्हती. त्यात प्रत्येकाला पांढराशुभ्र पाव हवा, कारण पांढरा पाव साहेबाच्या टेबलावरचा. हलक्या पिठाला ती सफेदी तुरटी देते. आर्थर हिल हॅसल या डॉक्टरने 1850 नंतर लंडनच्या दुकानांतले पाव तपासले, तेव्हा एकूण एक नमुन्यात तुरटी निघाली.

इथे मला आमच्याकडचा एक हलवाई आठवतो. त्याच्या बुंदीचा चुरा परीक्षानळीत घेऊन मी वर हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब सोडले आणि पिवळ्याचं झर्रकन गुलाबी झालं. म्हणजे मेटॅनिल यलो, खाण्यात घालायला मनाई असलेला रंग. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, फिकी बुंदी घेतंय कोण? उद्या तुम्हीच पुढच्या दुकानात जाल." नमुना सील करताना लाखेचा चटका बसला तो विसरलो, हे वाक्य विसरलो नाही.

हॅसलच्याही आधी, 1820 मध्ये, लंडनमध्ये स्थायिक झालेल्या फ्रेडरिक अ‍ॅकम या जर्मन रसायनतज्ज्ञाने भेसळीवर पुस्तक लिहिलं होतं आणि त्यात दुकानदारांची नावं दिली होती. चीजला रंग यावा म्हणून वापरलेल्या केशरी नावाच्या बियांच्या रंगात शेंदूर आणि लोणचं हिरवंगार दिसावं म्हणून तांब्याचं विष, असा तो मामला. लोणच्याच्या भांड्यात तांब्याची नाणी टाकून उकळा, असा सल्ला त्या काळच्या पाककृतीच्या पुस्तकांत चक्क दिलेला असे! अ‍ॅकमवर पुढे ग्रंथालयातल्या पुस्तकांची पानं फाडल्याचा खटला झाला आणि तो देश सोडून गेला. आरोप खरा होता की कोणाला तरी त्याला घालवायचंच होतं, यावर अजून वाद घालतात. मला या क्षेत्रातला अनुभव आहे, मी काही बोलत नाही.

कॉफीचा किस्सा तर आपल्या शाळकरी वाचकांनाही जवळचा वाटेल. कॉफीत चिकोरी मिसळलेली ओळखता येते का, यावर अर्थमंत्र्यांनी संसदेत रसायनतज्ज्ञांचा हवाला देऊन सांगितलं की ते कोणत्याच उपायाने शक्य नाही. हे अर्थमंत्री म्हणजे चार्ल्स वूड, ज्यांच्या 1854 च्या खलित्याची कलमं आपण इतिहासाच्या पेपरासाठी पाठ केली तेच. हॅसलने सूक्ष्मदर्शक लावला आणि चिकोरीच्या पेशी दाखवून दिल्या. मग 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाचे संपादक थॉमस वेकली यांनी 1851 ते 1854 त्याचे अहवाल छापले आणि दुकानदाराचं नाव-पत्ता सोबत दिला. ज्याचा माल शुद्ध निघाला त्याचंही नाव छापलं, हे विशेष.

तरीही कायदा झाला नाही. त्याला ब्रॅडफर्डची मुलं मरावी लागली. 30 ऑक्टोबर 1858, शनिवारचा बाजार. पेपरमिंटच्या गोळ्या करणाऱ्याने नेहमीप्रमाणे चाळीस पौंड साखरेत बारा पौंड 'डाफ्ट' घालायचं ठरवलं होतं. डाफ्ट म्हणजे जिप्सम, आपल्या प्लास्टरच्या जातीची पांढरी पूड. साखर महाग, ही मातीमोल. औषधवाल्याच्या नोकराने चुकून शेजारच्या पिंपातून बारा पौंड सोमल (आर्सेनिक हे विष), म्हणजे जवळपास साडेपाच किलो, मोजून दिला. गोळ्यांचा रंग जरा वेगळा वाटला म्हणून बाजारात विकणाऱ्याने भाव पाडून त्या घेतल्या, एक स्वतः खाल्ली, आणि आजारी पडूनही दुकान लावलं. पहिली दोन मुलं गेली तेव्हा डॉक्टरांना पटकी वाटली. वीसेक माणसं दगावली, दोनशेच्या आसपास आजारी पडली. शिक्षा कोणालाच झाली नाही. कशी होणार? चूक फक्त पिंपाची होती. मुलांच्या गोळीत जिप्सम घालणं हा गुन्हाच नव्हता.

1860 चा कायदा आला तो बिनदाताचा. नगरपालिकांनी हवा तर तपासनीस नेमावा, असं त्यात होतं. 'हवा तर' म्हटल्यावर पालिका काय करते हे आपल्याला कोणी सांगायला नको. 1869 मध्ये मंत्री जॉन ब्राइट संसदेत म्हणाले की भेसळ व्यापारातल्या चढाओढीतून होते आणि गिऱ्हाइकाच्या अज्ञानाने वाढते. म्हणजे आमच्या हलवायाचंच मत. गंमत अशी की ब्राइट मूळचे रॉचडेलचे. त्याच रॉचडेलात 1844 मध्ये अठ्ठावीस जणांनी, विणकर आणि इतर कामगारांनी, पदरमोड करून सहकारी दुकान काढलं होतं. पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या, एवढाच माल. उधारी बंद, पण माल चोख आणि वजन पुरं. उधारीवरचं गिऱ्हाईक दुकानदाराशी तोंड वर करून बोलू शकत नाही, हे किराणा दुकानात वाढलेल्या मला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून भेसळीच्या इतिहासात मी या दुकानाला हॅसलच्या शेजारी बसवतो.

खरे दात आले 1875 च्या कायद्याला. गिऱ्हाइकाने मागितलेल्या जातीचा, पदार्थाचा आणि प्रतीचा माल नसेल तर तो गुन्हा, असं त्याचं सूत्र. आपल्या 1954 च्या अन्नभेसळ कायद्यात ते जवळजवळ जसंच्या तसं उतरलं, आणि साक्षीच्या पिंजऱ्यात मी ते किती वेळा म्हटलं असेल याची गणती नाही. माझ्या दुधाच्या नमुन्यांच्या बाटल्या, दूध नासू नये म्हणून फॉर्मॅलिनचे थेंब घालून, ज्या 'पब्लिक अ‍ॅनालिस्ट'कडे, म्हणजे सरकारी विश्लेषकाकडे, जात, ते पदही तिकडचंच.

त्यानंतरही 1900 साली मँचेस्टर भागात स्वस्त बिअरमधून सोमल पोटात गेला. हजारो आजारी पडले आणि डॉक्टर सुरुवातीला म्हणत राहिले की हे दारुडेच आहेत. 2013 मध्ये ब्रिटनमध्ये बीफ म्हणून विकलेल्या तयार जेवणात घोड्याचं मांस निघालं. ते पकडलं ते प्रयोगशाळेने, कोणाच्या रक्ताने नव्हे.

आता एक विनंती. छापा पडला, अमुक किलो खवा जप्त, फोटोत आमचे सहकारी, इथवर आपली बातमी असते. नमुन्याचं पुढे काय झालं, अहवाल काय आला, खटला कुठवर आला आणि कोणाचा माल चोख निघाला, हे वाचायला मिळत नाही. वेकलींनी ते छापलं होतं. आपण महिन्यातून एक रकाना त्याला द्यावा. मजकूर गोळा करायला मी रिकामाच आहे.

आपला,
एक निवृत्त अन्न निरीक्षक, मिरज