लोह किती आहे ते छापता, अंगी किती लागतं तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्याच्या पानावर तक्ते येतात ना, बाजरीत इतकं लोह, नाचणीत इतकं कॅल्शियम, ते मी आवडीने वाचते. पण दरवेळी अर्धीच गोष्ट छापून येते म्हणून आज लिहायलाच बसले. मी नागपुरात मुलींसाठी मेस चालवते, होम सायन्स शिकलेली आहे, आणि रिपोर्ट हातात घेऊन "काकू, मी तर कोंड्यासकट मल्टीग्रेन आट्याच्याच पोळ्या खाते, मग हिमोग्लोबिन कमी काऊन येते?" असं विचारणाऱ्या पोरी दर महिन्याला भेटतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला, म्हणजे हा काही एका मेसचा प्रश्न नाही.

धान्याच्या कोंड्यात लोह असतं हे खरंच आहे, पण त्याच कोंड्यात फायटिक ॲसिडही असतं, दाणा आपला फॉस्फरस याच रूपात साठवून ठेवतो. हे ॲसिड आतड्यात लोह, जस्त, कॅल्शियम धरून ठेवतं, आणि ते सोडवायला जे फायटेज एन्झाइम लागतं ते माणसाच्या पोटात नावापुरतंच असतं, मग खनिज आलं तसं निघून जातं. १९६० च्या आसपास डॉ. आनंद प्रसाद इराणमध्ये शिराझला काम करत होते, तिथे त्यांच्याकडे २१ वर्षांचा एक पेशंट आला जो दिसायला दहा वर्षांच्या पोराएवढा होता, खाणं काय तर मुख्यतः न आंबवलेली गव्हाची रोटी, वरून माती खायची सवय. जस्ताच्या कमीने माणसाची वाढ खुंटते हे तिथून पुढे जगाला कळलं. आपली पोळी पण न आंबवलेलीच की.

आता याचा अर्थ कोंडा फेका आणि मैदा खा असा कोणी काढू नका, शुगरवाल्यांना आणि पोट साफ न होणाऱ्यांना कोंडा हवाच. फायटेज धान्यातही असतं, फक्त त्याला ओल, वेळ आणि जरा आंबटपणा लागतो. आपल्याकडे महालक्ष्म्यांना आंबील करतात तेव्हा हेच घडतं, ज्वारीचं पीठ ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवायचं, सकाळी वर बारीक बुडबुडे आणि आंबूस वास आला की लसूण, मिरची, जिरं घालून शिजवायची. रात्रभरात फायटिक ॲसिड बरंच कमी होतं आणि त्या आंबटपणाने लोह विरघळून राहायला मदत होते. एवढी चांगली गोष्ट आपण वर्षातून एका सणाला करतो आणि बाकी वर्षभर पाकिटातलं कोरडं ओट्स खातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मोड आलेली मटकी, भिजवलेले चणे, इडलीचं पीठ, सगळ्यात हेच काम चालतं.

धान्य-भाजीतले न पचणारे सगळेच घटक खनिजाच्या वाईटावर असतात असंही नाही बरं का. कांदा-लसणात इन्युलिन नावाचं फायबर असतं, ते लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात बॅक्टेरिया ते आंबवतात, तिथे आम्ल तयार होतं आणि त्यात कॅल्शियम विरघळून शोषलं जातं. २००५ साली अमेरिकेत छापून आलेल्या एका अभ्यासात किशोरवयीन मुलामुलींना वर्षभर रोज ८ ग्रॅम असे इन्युलिनसारखे तंतू दिले तर कॅल्शियमचं शोषण वाढलं आणि हाडंही जास्त भरली. जेवणातल्या कांद्यातून रोज ८ ग्रॅम काही जात नाही, पण दिशा तर कळते.

आणि चहा! सकाळी तर्री पोहे खाल्ले की लगेच चहा, हे नागपुरात ठरलेलंच. चहातल्या टॅनिनने त्या जेवणातलं लोह निम्म्याहूनही कमी अंगी लागू शकतं. तासभर थांबा ना. त्याऐवजी तर्रीतल्या चण्यांवर लिंबू पिळा, गॅसवर असताना नाही, ताटात आल्यावर, कारण उष्णतेने सी जीवनसत्त्व कमी होतं. सीझनमध्ये जेवणासोबत एक संत्रं खा, संत्र्याच्या गावात राहून तेवढंही आपण करत नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी सांगते. विदर्भात सिकलसेल आहे, थॅलेसेमियाचेही पेशंट आहेत, रक्ताच्या या आनुवंशिक आजारांतही हिमोग्लोबिन कमी येतं, त्यामुळे हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोहच कमी असं धरून गोळ्या सुरू करू नका, आधी तपासणी करून घ्या. आणि डॉक्टरांनी गोळी दिलीच तर ती दूध, चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत नको.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी मिलिग्रॅमचा तक्ता छापाल तेव्हा त्याच्या खाली दोन ओळी टाका, हे धान्य किती वेळ भिजवायचं, आणि सोबत काय घ्यायचं, काय टाळायचं. जागा नसेल तर एखादा फोटो लहान करा. मेसमध्ये ते कात्रण मी भिंतीवर लावेन.

कळावे,
एक वाचक, नंदनवन, नागपूर